कॉफीचा पेला आणि कष्टकऱ्याचा हक्क



आपल्या मुखात जाणारा प्रत्येक घास आणि प्रत्येक घोट ही अल्लाहची देणगी आहे. परंतु ती आपल्यापर्यंत माणसांच्या हातांतून येते. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. म्हणूनच ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पेला ओठांना लावणाऱ्याने, हा पेला कोणाच्या श्रमातून भरला आणि त्या श्रमाचा मोबदला पुरता झाला काय, हेही स्वतःला विचारले पाहिजे. आज कॉफीच्या निमित्ताने हा विचार करू या.

कॉफीशी आपले नाते जुने आहे. हे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ जंगलांतील. परंतु पेय म्हणून तिला ख्याती मिळाली ती येमेनमध्ये. 15 व्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून ‘कहवा’ पीत असत. 1511 साली मक्केत या पेयावर बंदी घालण्यात आली, पण ती टिकली नाही. येमेनच्या मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली. परंपरा असे सांगते की, 17 व्या शतकात बाबा बुदन या सूफी बुजुर्गांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगररांगेला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. तेथील अरेबिका कॉफीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रात्रीच्या इबादतीसाठी प्यायले जाणारे हे पेय आज अब्जावधींच्या व्यापाराचा माल झाले आहे. तेव्हा प्रश्न असा की, इबादत त्यातून निघून गेली, तरी न्याय तरी शिल्लक राहिला आहे काय?

शहरांत आता ‘स्पेशालिटी कॉफी’ मिळते. परीक्षकांनी शंभरापैकी 80 किंवा त्याहून अधिक गुण दिलेली ही कॉफी. पाकिटावर मळ्याचे नाव असते, डोंगराची उंची असते, आणि पुष्कळदा ती नैतिक मार्गाने खरेदी केल्याची ग्वाहीही असते. ही गोष्ट चांगलीच आहे. माल कोठून आला हे लपवण्यापेक्षा सांगणे केव्हाही श्रेष्ठ. परंतु श्रद्धावंताने केवळ ग्वाहीवर थांबू नये. ज्याच्या नावाने ती दिली जाते, त्याच्या हातात काय पडले, हे पाहावे.

प्रथम मजुराचा विचार करा. एका झाडावरची सर्व फळे एकाच वेळी पिकत नाहीत. उत्तम कॉफीसाठी केवळ लाल, पूर्ण पिकलेली फळे एकेक करून वेचावी लागतात. हिरवी फळे सोडून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. अशी सुमारे सहा किलो फळे वेचली, तेव्हा कुठे एक किलो कच्ची कॉफी हाती येते. जेथे मजुरी वेचलेल्या फळांच्या वजनावर मिळते, तेथे निवडून वेचणाऱ्या बाईची टोपली सावकाश भरते. म्हणजे कॉफीचा दर्जा वाढतो, तसे तिचे दिवसाचे वजन घटते. पाकिटाची किंमत वाढली, पण तिच्या किलोमागचा दर वाढला नाही, तर त्या उत्तम चवीचा खर्च त्या बाईनेच सोसला, असे म्हणावे लागेल.

येथे सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभ आठवा. इतरांकडून घेताना माप पुरेपूर घेणारे आणि इतरांना देताना ते कमी करणारे, अशा लोकांच्या विनाशाची वार्ता तेथे दिली आहे. माप केवळ तराजूचे नसते. श्रम उत्तम प्रतीचे घ्यावयाचे आणि मजुरी साधारण प्रतीची द्यावयाची, हेही मापात मारणेच होय. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) आज्ञा आपण सर्वांनी ऐकली आहे. आणि जो मजुराकडून पुरते काम करून घेतो पण त्याची मजुरी देत नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, असे हदीसे-कुदसीत आले आहे. तो मजूर कोणत्या धर्माचा वा जमातीचा, हा प्रश्न तेथे विचारला जाणार नाही.

आता लहान शेतकऱ्याकडे वळू या. अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो आणि रोबस्टाचा लंडनच्या. जगातील कॉफीचा मोठा हिस्सा पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याने ते बाजार कधी पाहिलेले नसतात. 1989 साली देशोदेशींच्या निर्यातीचा कोटा ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था कोसळली. पुढे 2001 च्या सुमारास अरेबिकाचा भाव पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला. अनेक देशांत शेतकऱ्यांचा उत्पादन खर्चही निघेना. शहरातला पेला मात्र त्या प्रमाणात स्वस्त झाला नाही.

या स्थितीवर प्रेषितांचे (स.) एक मार्गदर्शन विलक्षण समर्पक आहे. मदीनेकडे माल घेऊन येणारे काफिले बाजारात पोहोचण्यापूर्वीच वाटेत गाठून खरेदी करण्यास त्यांनी मनाई केली. वाटेत सौदा झालाच, तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे, असेही त्यांनी सांगितले. फुकहांनी या मनाईचे मर्म उलगडून दाखवले आहे: वाटेवरच्या माणसाला शहरातला भाव ठाऊक नसतो, आणि खरेदीदार त्याच्या अज्ञानावर नफा मिळवतो. लक्षात घ्या, याच प्रेषितांनी (स.) बाजारभाव बांधून देण्यास नकार दिला होता आणि भावाची चढउतार करणारा अल्लाह आहे, असे सांगितले होते. म्हणजे इस्लामने व्यापाऱ्याचा नफा नाकारला नाही. समोरच्याच्या अज्ञानातून उकळलेला नफा मात्र त्याला मान्य नाही.

आपल्याकडे ज्याला खेडा खरेदी म्हणतात, ती याच कसोटीवर तपासावी. शेतकऱ्याच्या दारी जाऊन माल घेणे हा दोष नव्हे. त्याचे वाहतुकीचे कष्ट त्यामुळे वाचतात. भाव लपवणे, त्याची अडचण हेरणे, हंगामापूर्वी थोडी उचल देऊन पुढचे सगळे पीक पडत्या भावात बांधून घेणे, हा दोष आहे. आगाऊ पैसे देऊन पीक घेण्यास शरीअतने ‘सलम’चा मार्ग खुला ठेवला आहे; पण माप निश्चित, वजन निश्चित आणि मुदत निश्चित असावी, ही त्याची अट आहे. गरजवंताला अंधारात ठेवून केलेला करार सलम ठरत नाही.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा प्रसंग या ठिकाणी आठवतो. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला होता. घोडा पाहिल्यावर ते स्वतः मालकाला म्हणाले की, याची किंमत याहून अधिक आहे. आणि भाव वाढवत वाढवत त्यांनी आठशे दिरहम दिले. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतीन, अशी बैअत मी प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे. विक्रेता स्वतःच्या मालाचे मोल जाणत नव्हता. खरेदीदार जाणत होता, आणि ते ज्ञान त्याने अमानत मानले. नैतिक खरेदीचा याहून उंच दाखला कोणता असू शकेल? आणि न्यायाच्या बाबतीत शत्रुत्वालाही आड येऊ देऊ नका, असे कुरआन सांगतो. मग ज्या कष्टकऱ्याशी आपले कोणतेच वैर नाही, त्याच्या बाबतीत हात आखडता का घ्यावा?

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी दुकानदार असेल, कोणी उपाहारगृह चालवत असेल, कोणी केवळ घरापुरती कॉफी विकत घेत असेल. प्रत्येकाच्या हाती एक प्रश्न आहे. विक्रेत्याला विचारा: शेतकऱ्याला काय भाव मिळाला? वेचणाऱ्याला त्या वाढीव किमतीतले काही पोहोचले काय? उत्तर देणाऱ्याकडून घ्या, त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तरी. पण महाग कॉफी विकत घेतली म्हणजे पुण्य पदरात पडले, असा अहंकारही बाळगू नका. ज्याने डोंगरातल्या अनोळखी शेतकऱ्यासाठी जादा पैसे मोजले आणि स्वतःच्या दुकानातील नोकराचा पगार थकवला, त्याने न्याय दूरच्या दारी नेला आणि स्वतःच्या उंबरठ्यावर अन्याय ठेवला.

जो झाड लावतो, त्याच्या फळातून माणसाने, पशूने वा पाखराने खाल्लेले सर्व त्याच्यासाठी सदका ठरते, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. त्या डोंगरात झाडे लावणाऱ्यांच्या वाट्याचा सवाब त्यांना मिळेल. आपला हिशेब वेगळा आहे: त्या फळाची किंमत आपण काय दिली?

हे अल्लाह, आमच्या उपजीविकेत कोणाच्या घामाचे देणे उरू देऊ नकोस. आम्हाला माप पुरते भरून देणाऱ्यांत सामील कर, आणि जे हात आमचे पेले भरतात, त्यांच्या घरीही बरकत दे. आमीन.