दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी चहाचं आधण ठेवलं की आपण दुधाची पिशवी कापतो. कात्री चालते आणि एक इवलासा त्रिकोण ओट्यावर पडतो. एवढासा तुकडा पुढे वेचायला कुणाच्या हाती लागत नाही. तो मातीत किंवा गटारात जातो. कोपरा पुरता न कापता नुसती चीर दिली, तर तो पिशवीलाच लटकून राहतो. मग पिशवी विसळून वाळवली की भंगारात तिला भाव येतो.

हा भाव येतो कुणाच्या पदरात? पुण्यात तरी बऱ्याच घरांपुरतं उत्तर सोपं आहे : रोज दारात येणाऱ्या ताईंच्या. १९९३ साली इथल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा नेऊ लागली. उकिरड्यावर वाकून कागद वेचणाऱ्या बायका ओळखपत्र लावून दारात येऊ लागल्या. घराघरांतून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुका कचरा विकून आलेले पैसे, यावर त्यांचा संसार चालतो. आपण रद्दीवर उरलेली आमटी ओतली, तर ती त्यांच्या कमाईवरच ओतली.

ओला-सुका वेगळा ठेवा, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. पर्यावरणासाठी, म्हणतात. खरंच आहे ते. पण वेगळं करण्याचं काम काही चुकत नाही. आपण ओट्यापाशी केलं नाही, तर ताई ढकलगाडीपाशी उभं राहून हातांनी करतात. तिथेही राहून गेलं, तर मिसळलेल्या कचऱ्याचा वास शहराबाहेरच्या गावाला सोसावा लागतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला आहे. त्यांचा त्यात काय दोष होता?

तेव्हा आज घराबाहेर पडण्याआधी एवढं पाहा. डायपर, सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ते पुडकं कुणी हाताने उघडणार नाही. फुटलेली काच वेगळी बांधून सांगून द्या. आणि ताईंचे महिन्याचे पैसे पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. त्यांना ते मागायला लागू नयेत.