चित्र बघायला कुठे जायचं?

२०२५ या एकाच वर्षात चित्रांच्या दोन मोठ्या बातम्या आल्या. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटींवर गेलं. एक पंढरपूरला जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला. दुसरा गिरगावच्या चाळीत वाढलेला. दोघंही आपलेच. तरी गप्पा रंगल्या त्या आकड्यांवर. चित्रात काय आहे हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलंच असेल तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: 'हे तर आमचं पोरगंही काढेल.'

असं म्हणणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला चित्राची किंमत सांगितली गेली, चित्र दाखवलं गेलं नाही. आधुनिक चित्रकला सामान्यांना कळत नाही, हे पालुपद आपल्याकडे इतकी वर्षं चालू आहे की कळण्याआधी बघावं लागतं, याचा विसर पडला.

आपल्या घरांत चित्रांचा दुष्काळ कधीच नव्हता. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसल्या. राजवाड्यात लागणारं चित्र चाळीतल्या खोलीत आलं ते दगडावरच्या छपाईमुळे. नंतर दिवाळी अंक आले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं कापून फ्रेम करून लावणारी घरं होती. अंक रद्दीत गेला, चित्र भिंतीवर राहिलं. दलालांच्या नायिका जरा जास्तच गोड होत्या हे मान्य. पण त्या मुखपृष्ठावरची रेषा, पदराचा रंग, सावली हे सगळं लोक वर्षभर बघत. डोळ्याला वळण लागतं ते अशानेच. आता चौकाचौकांत भावी नगरसेवकाचा वाढदिवस साजरा करणारे फ्लेक्स आहेत. फ्लेक्सवाल्याला संगणकावर कापलेले चेहरे चिकटवायचे असतात, त्याला हात लागत नाही. बोर्ड रंगवणारा पेंटर गेला, त्याच्याबरोबर रोज रस्त्यात दिसणारं हाताचं काम गेलं.

गंमत अशी की नेमक्या याच रस्त्यावरच्या, घरातल्या वस्तू चित्रकारांनी उचलल्या. घाटकोपरच्या अतुल डोडियांची शटरची मालिका घ्या. दुकानाला असतं तसं खरंखुरं पत्र्याचं शटर, आणि त्यावर एनॅमल रंगात कॅलेंडरवर असते तशी महालक्ष्मी. शटर वर गेलं की मागे कॅनव्हास दिसतो. त्यावर गळफास घेतलेल्या तीन बहिणी आहेत. बापाला हुंडा परवडणार नाही म्हणून जीव दिलेल्या. पुढे धनाची देवी, मागे धनापायी गेलेल्या मुली, आणि मध्ये फक्त पत्रा. ज्याने मुंबईत दंगलीच्या किंवा बंदच्या दिवशी भराभर खाली येणाऱ्या शटरांचा आवाज ऐकलाय, त्याला हे चित्र समजावून सांगायला समीक्षक लागणार नाही. लागतं ते शटर वर करण्याइतकं जवळ उभं राहणं, आणि तीच सोय नाही.

प्रभाकर बरवे यांचंही तेच. त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, लिफाफा अशा बिनमहत्त्वाच्या वस्तू तरंगत असतात, आणि त्या रंगवल्यात बहुतेकदा एनॅमलने. म्हणजे ज्या डब्यातून आपण खिडकीचे गज आणि लोखंडी ट्रंक रंगवतो, त्या डब्यातला रंग. बरवे विणकर सेवा केंद्रात कित्येक वर्षं नोकरीला होते, तिथे कापडाची डिझाइनं करत. स्वतःच्या चित्रविचारांवर त्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिलं. भारतातल्या मोठ्या आधुनिक चित्रकाराचं मनोगत थेट आपल्या भाषेत आहे, आणि आपण गायतोंड्यांची किंमत पाठ करतोय.

लोकांपर्यंत न पोचण्याला अपवाद एकच: वारली. कुर्ता, कप, सोसायटीची भिंत, उड्डाणपुलाचे खांब, लग्नाची पत्रिका, सगळीकडे दोन त्रिकोणांची माणसं हात धरून तारप्याभोवती नाचतात. आज एवढं लोकांपर्यंत पोचलेलं चित्र दुसरं नाही. पण पोचलं ते काय? मुळात हे चित्र लग्नाच्या वेळी घरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी काढत, तांदळाच्या पिठाने, ठेचलेल्या बांबूच्या काडीने. मधोमध चौक आणि चौकात पालघट देवी. ती नसेल तर लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे गेले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती तो लागला, आणि बायकांचं विधीचं चित्र एका पुरुषाच्या हातून जगभर गेलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात मुंग्यांची वारुळं आहेत, मासे पकडायची जाळी आहेत, हजारो बारीक ठिपक्यांनी थरथरणारी शेतं आहेत. कपावर आलेल्या नक्षीत यातलं काही नाही. तिथे पालघट गाळली गेली, ठिपके गळले, उरला ठसा. मला हा प्रसार वाटत नाही, विटंबना म्हणायलाही धजत नाही. मशे यांच्या शेतासमोर कधी उभं न राहता डहाणू खुशाल फोटोतून बघण्याचा हा प्रकार आहे.

शाळेचं काय? महाराष्ट्रात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आहेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. गावोगावची मुलं पॅड घेऊन जातात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढतात, भूमिती आणि अक्षरलेखन करतात, दहावीला वाढीव गुण मिळवतात. परीक्षा चांगली आहे, ती बंद करा असं म्हणणारा मी नव्हे. पण या परीक्षेत पहिल्या श्रेणीने पास झालेल्या मुलाने एकही खरं चित्र बघितलेलं नसतं. त्याला तांब्याची सावली पाडता येते. कुणी दुसऱ्याने रंगवलेल्या तांब्यासमोर थांबावं का, हे त्याला कुणी विचारत नाही.

थांबण्याच्या जागा अजिबात नाहीत असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय बांधलं. स्वतः चित्र काढणारा राजा होता तो. तिथे रविवर्माही आहेत आणि हेन्री मूर यांचं शिल्पही. एका लहानशा संस्थानाला जे जमलं ते आज एवढ्या महानगरपालिकांना जमत नाही. मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उघडी आहे, प्रवेश फुकट. पावसात आडोशाला आलेला माणूसही चित्रं बघून जातो. आणि २००८-०९ च्या सुमारास ठाण्याचे सुधीर पटवर्धन समकालीन भारतीय चित्रांचं 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन घेऊन महाराष्ट्रातली गावं फिरले. नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर. पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या चित्रकाराला, गर्दी रंगवायची तर चित्र गर्दीत न्यायला हवं, हे कळलं. असं प्रदर्शन पुन्हा पुन्हा व्हायला हवं होतं.

तेव्हा मागणी मोठी नाही. बहुतेक जिल्ह्यांच्या गावी नाट्यगृह आहे, आणि त्याचा व्हरांडा बराच वेळ रिकामा असतो. तिथे वर्षातून दोनदा चित्रं लावा. ग्रेड परीक्षेच्या मुलांना रांगेने आणा, आणि चित्राबद्दल काहीही न सांगता पाच मिनिटं एका चित्रासमोर उभं करा. दिवाळी अंकांच्या संपादकांनी मुखपृष्ठासाठी फोटो विकत घेण्याऐवजी एका चित्रकाराला मानधन द्यावं. वाचकांनी तर कुणाची वाट बघायचीही गरज नाही. जहांगीरला आजही तिकीट लागत नाही, आणि साताऱ्याहून सकाळी निघालं तर औंध बघून संध्याकाळी परत येता येतं.