वारसाचा अर्ज

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला 'वारस' हा शब्द नुसता ऐकला तरी धडकी भरते. खातेदार हयात असेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. तो गेला, की काउंटरपुढे चार पुतणे, दोन मेहुणे आणि 'काका मला मुलासारखंच मानायचे' म्हणणारा एक शेजारी उभा राहतो. दहा वर्षं कोणीच आलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाऊन पडते. वारस त्यानंतर उगवला, तरी त्याला ती मागता येते. ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी, की हल्ली अशीच एक बेवारस ठेव माझ्या पाहण्यात आली. रुपयांची नव्हे, आवाजाची. आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांच्या रांगेत आमची धाकटी कन्या उभी आहे!

ठेव अशी. २४ जुलै १८९६ या दिवशी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात अॅलिस फ्लेचर नावाच्या विदुषीनं तीन कोरियन तरुणांना फोनोग्राफच्या कर्ण्यापुढे गायला लावलं. बाई मूळच्या ओमाहा वगैरे अमेरिकी आदिवासींच्या अभ्यासक. मेणाच्या नळकांड्यांवर पोरांची गाणी उतरली, त्यांतलं एक 'आरीरांग'. कोरियन संगीताचं हे सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. बाईंनी नोंद केली, 'प्रेमगीत: आर-रा-रांग'. आमच्या शाखेत हा कागद आला असता तर 'नावात तफावत' असा शेरा मारून परत गेला असता. नळकांडी मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सुखरूप राहिली.

या मेणाची एक गंमत आहे. नळकांडं वाजवलं, की सुई दर वेळी थोडं मेण खरवडते. म्हणजे पासबुक नुसतं उघडून पाहिलं तरी शिल्लक कमी होणार! गाणं टिकवायचं तर ऐकायचं नाही, आणि ऐकायचं नाही तर टिकवायचं कशाला? नंतरच्या यंत्रांनी प्रती काढल्या, म्हणून तो पेच सुटला.

मग मार्च २०२६ मध्ये बीटीएस या सात पोरांच्या चमूनं, सातही जण लष्करी सेवा उरकून परतल्यावर, नव्या अल्बमला नाव दिलं 'आरीरांग'. जाहिरातीच्या चित्रफितीत १८९६ चा तो प्रसंग घातला. झालं! तोपर्यंत ज्यांना इतिहासाचं पुस्तक उघडताना झोप यायची, ती मुलं मेणाच्या नळकांड्यांची चौकशी करू लागली.

"बाबा, ऐका ना, तेव्हा टिळक होते!" कन्या म्हणाली. टिळकांचा उल्लेख या घरात शाळेच्या निबंधानंतर प्रथमच झाला.

आता प्रश्न असा, की हा वारसा कोणाचा? चाल कोणा एकाची नाहीच. आरीरांगचे साठएक प्रकार आणि ३,६०० च्या आसपास पाठभेद असावेत, असा अंदाज आहे. युनेस्कोच्या यादीत ती २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या नावे गेली आणि २०१४ मध्ये उत्तर कोरियाच्या. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण आजीच्या पेटीवर दोघांचाही दावा, त्यातलाच प्रकार. चालीचं ठीक आहे. पण आवाज? तो त्या तिघांचा होता. परमुलखात, एका अनोळखी बाईपुढे, कर्ण्यात तोंड घालून त्यांनी तो दिला. एकशेतीस वर्षांनी त्यातून कोणाचा तरी अल्बम खपावा, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? कंपनी वारस नव्हे. फार तर मुखत्यार. आणि मुखत्यारपत्रावर सही कोणाची, हे मी व्यवसायामुळे विचारणारच.

ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, "अहो, पोरांचं हे कुतूहल फॅशनचं. सहा महिन्यांत उतरेल." उतरेलही. पण त्या शेजाऱ्याला हसायची घाई मी करत नाही. पुष्कळदा म्हाताऱ्याला रात्री-अपरात्री औषध त्यानंच पाजलेलं असतं, आणि सख्ख्या पुतण्यांना काकांची आठवण मृत्यूच्या दाखल्यानं होते.

शिवाय दुसरी बाजू पाहा. १९२६ मध्ये ना उन-ग्यू यानं 'आरीरांग' नावाचा मूकपट काढला. कोरियात तो तुफान गाजला, गाणं घरोघरी गेलं. आज त्या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही. तेव्हा तो सगळ्यांचाच होता, म्हणून जपायची जबाबदारी बहुधा कोणाचीच नव्हती. इकडे ज्यांना कोणी ओळखत नव्हतं, त्या तिघांचं गाणं एका परक्या बाईनं चुकीच्या स्पेलिंगसकट जपलं. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये मुदत संपलेली व्हाउचरं रद्दीत घालताना हल्ली माझा हात जरा अडखळतो, तो यामुळे. (साहेबांना हे कारण चालत नाही.)

परवा कन्येनं ते गाणं मोबाइलवर लावलं. आधी नुसती खरखर. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, कुकरखाली गॅस बारीक कर." मग खरखरीच्या आतून एक कोवळा आवाज आला. हिनं हातातला झारा तसाच धरून बाहेर येऊन विचारलं, "कोण गं हा? घरची आठवण आलेली दिसते याला."