छडी कोणाच्या हातीं?

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 16, वचनें 19 ते 40)



कायदा सरकारचा, राजकारण पुढाऱ्यांचें, विश्वासणाऱ्यानें दोहोंपासून दूर राहावें, असें बोलणें विसरवाडीसारख्या गांवांतून पुष्कळदां आमच्या कानीं येतें. आधार रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा देतात. पण तें पत्र लिहिणारा पौल फिलिप्पै नगरांत कसा वागला?

तेथें लोकसमुदाय खवळला आणि अधिकाऱ्यांनीं चौकशीवांचून पौल व सीला ह्यांस छड्या मारविल्या. हे रोमी नागरिक आहेत काय, हें विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाहीं. कायदा होता, पण छडी कोणावर पडावी हें गर्दीनें ठरविलें. सकाळीं, मुकाट्यानें जा, असा निरोप आला. पौल गेला नाहीं. अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें तो म्हणाला. तेव्हां ते भ्याले आणि आले.

आतां आपल्याकडे पाहा. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणें, 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास चार हेक्टरांपर्यंत हक्क मागतां येतो, आणि पडताळणी पुरी होईपर्यंत त्यास काढतां येत नाहीं. तरी 13 फेब्रुवारी 2019 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, दावे फेटाळलेल्यांस वनांतून काढण्याचा आदेश राज्यांस दिला. आदिवासींनीं देशभर आवाज उठविला, केंद्र सरकारनें न्यायालयास विनंती केली, आणि 28 फेब्रुवारीस तोच आदेश स्थगित झाला. कायद्याचें एक अक्षरही बदललें नव्हतें.

पुढाऱ्याच्या जीपगाडीमागें धांवा, असें आम्ही सांगत नाहीं. फिलिप्पैची गर्दी हेंही राजकारणच होतें. बहुमताच्या जोरावर विधवेचा दावा मागें टाकणारी ग्रामसभा त्या गर्दीहून वेगळी नव्हे. परंतु दावा प्रथम ग्रामसभेपुढेंच येतो. तिला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया. रविवारीं उपासनेस आलेली बहीण सभेच्या दिवशीं घरीं बसली, तर शेजारणीचें शेतही अडतें.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, सभेची तारीख उपासनेनंतर वाचून दाखवा. दाव्याची पोंच मागावयास शिकवा. दावा फेटाळला, तर कारण लेखी घ्यावें; वरच्या समितीकडे जाण्यास साठ दिवसांची मुदत असते, आणि ते दिवस पेरणीच्या घाईंत लवकर सरतात.