मागून मिळणारा जोर

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. मागे जादा इंजिनं जोडली जातात, हलकासा धक्का बसतो आणि गाडी बोरघाट चढू लागते. डब्यातून ती इंजिनं दिसत नाहीत. पण चढ सरतो तो त्यांच्याच जोरावर.

श्रद्धेच्या वाटेवरही असा चढ येतो. समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांचे प्रश्न संपले नाहीत. धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटायचाय, हे त्यांना ८ वर्षांनी उमगलं. त्यांनी शंका दडपल्या नाहीत, म्हणूनच लाभलेली शांती खरी होती. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्याच शांतीवर उभं राहिलं.

शंका म्हणजे घाटाचा चढ. गाडी मंदावते, मागे फिरत नाही. आज मन अडखळलं, तर देवाशी मोकळेपणानं बोलू या. न दिसणारा हात पाठीशी आहे.