सर्वनामांची नावं टाळू नकोस

चि. भाचीस,

शाळेत स्पॅनिश घेतलंस, फार बरं वाटलं. पण 'इंग्रजी मी व्याकरण न शिकता बोलते, मग प्रत्यक्ष कर्म, अप्रत्यक्ष कर्म कशाला?' हे तुझं म्हणणं मला पटत नाही. तिला पाहिलं काय किंवा तिला पुस्तक दिलं काय, इंग्रजीचं एकच 'हर' दोन्हीकडे चालतं. स्पॅनिशमध्ये पाहिलं असेल तर 'ला बी', पुस्तक दिलं असेल तर 'ले दी उन लिब्रो'. पाहण्याची क्रिया थेट तिच्यावर घडते, म्हणून 'ला'. देण्याची क्रिया घडते पुस्तकावर. ती फक्त घेणारी, म्हणून 'ले'. इथे मराठीचाही आधार नाही, आपलं दोन्हीकडे 'तिला'च. तेव्हा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर्म ही दोन नावं नीट समजून घे. त्यांच्याविना तू नुसता अंदाज करत राहशील.

पुढची अडचण म्हणजे 'ले' आणि 'लो' (म्हणजे पुल्लिंगी 'ला') शेजारी चालत नाहीत. 'ले'चा 'से' होतो. 'से लो दी', म्हणजे ते दिलं. कुणाला? त्याला, तिला, त्यांना, तुम्हाला, काहीही असू शकतं. म्हणून गरज पडली तर पुढे 'आ एया', म्हणजे 'तिला', जोडायचं.

'मे गुस्ता' मात्र आजीच्या मराठीतून शिक. 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात': क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. तिकडेही 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. तुझ्या वर्गातली मुलं इथे 'मी'ला कर्ता करून अडखळतील. तुला अडखळायचं कारण नाही. तसंच प्रत्येक वाक्याआधी 'यो', म्हणजे 'मी', नको. 'आब्लो' म्हटलं की बोलणारी तूच, हे क्रियापदाच्या शेवटावरून कळतं.

आदराचा 'उस्तेद' आला 'बुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या मानाच्या संबोधनातून. म्हणूनच समोरच्याशी बोलतानाही त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी असतं. अनेकांना उद्देशून 'बोसोत्रोस' स्पेनमध्ये ऐकशील. लॅटिन अमेरिकेत लहान मुलांनाही 'उस्तेदेस'च म्हणतात. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' असतो. तुझ्या शेजारी मेक्सिकोची माणसं आहेत, तेव्हा 'बोसोत्रोस' नुसता ओळखता आला तरी सध्या पुरे.

रोज थोडी वाक्यं लिही, प्रत्येकाखाली कर्म कोणतं ते नोंदव आणि वहीचा फोटो मला पाठव.

तुझी मावशी