फुकटचं गिऱ्हाईक

स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग 1998 पासून ‘कर्ल’ सांभाळतात. मोबाइल, टीव्ही, मोटारींतून माहितीची ने-आण करणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. परवान्यात त्यांचा ईमेल पत्ता असतो. मग गाडीतला नकाशा बिघडला तरी लोक त्यांनाच गाठतात.

जानेवारी 2022 मध्ये एका बड्या कंपनीची मेल आली. ‘लॉगफोरजे’ या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीबद्दल 24 तासांत खुलासा हवा होता. फर्मानच ते! त्या त्रुटीशी कर्लचा काडीचा संबंध नव्हता आणि कंपनीने कधी छदामही दिला नव्हता.

स्टेनबर्ग यांनी कळवलं: आधी सपोर्टचा करार करू, मग सगळी उत्तरं देतो.

कंपनीने विचारलं: म्हणजे आम्ही तुमचे ग्राहक नाही? मायन्यात डॅनियलचा ‘डेव्हिड’ झाला होता. बायबलमधला डेव्हिड एका धिप्पाड योद्ध्याला लोळवतो. स्टेनबर्ग यांनी कंपनीला त्या योद्ध्याच्याच नावाने हाक मारली: ‘हाय गोलायथ.’